महापालिकेच्या शाळेत सहावीला प्रवेश घेताना

जून २०२४ मध्ये आमच्या मुलीने खासगी, विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाची शाळा सोडली आणि घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर असलेल्या महापालिकेच्या मराठी शाळेत, सेमी इंग्रजीच्या वर्गात, सहावीला प्रवेश घेतला. आता ती सातवीत आहे. आम्ही चौकशी करत होतो तेव्हा पहिलीच्या प्रवेशाविषयी आणि शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांविषयी सांगणारे पुष्कळ लोक भेटले, पण महापालिकेच्या सहावीत मूल घातल्यावर नेमके काय होते, हे स्वतःच्या अनुभवावरून सांगणारे मात्र जवळपास कोणी भेटले नाही. त्यामुळे घडले तसे, क्रमाने लिहून ठेवत आहे.

विचार सुरू झाला तो नोव्हेंबर २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत. जुन्या शाळेची वार्षिक फी ५८,००० रुपये आणि बसचे १८,००० रुपये होते, आणि पुढच्या वर्षी दोन्ही वाढणार असल्याचे पत्रक आले होते. पैशांचा ताण होताच, परंतु त्याहून अधिक काळजी वाटत होती ती अभ्यासाची. मुलगी विज्ञानाची उत्तरे घडाघडा म्हणून दाखवत असे आणि त्यातल्या एखाद्या वाक्याचा अर्थ मराठीत विचारला की गप्प होत असे. शाळेच्या बसमध्ये रोजचे दोन तासांहून अधिक जात. घरी आम्ही दोघांनी निर्णयाच्या दिशेने विचार करायला सुरुवात केली, तेव्हा नातेवाइकांची प्रतिक्रिया एकाच प्रकारची होती. सासूबाई म्हणाल्या, "पहिली ते चौथीपर्यंत मी समजू शकले असते, पण सहावीला कोणी त्या शाळेत घालतं का?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, खरी काळजी होती, आणि पुढचे वर्षभर हाच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळाला. प्राथमिक वर्गांबाबत चालवून घेणारे पालक उच्च प्राथमिक वर्गांच्या नावाने मागे का सरतात, हे समजून घेतल्याशिवाय आम्हालाही पुढे जाता येत नव्हते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही शाळा पाहायला गेलो. पूर्वपरवानगी वगैरे लागली नाही, मात्र मधल्या सुट्टीनंतरची वेळ घेऊन जावे असे मी सुचवेन, कारण त्या वेळी मुख्याध्यापकांना बोलायला सवड असते आणि वर्गही चालू असतात. तळमजल्यावर पहिली-दुसरीचे वर्ग भरलेले होते. दुसरीच्या पटावर ४१ मुले होती. वरच्या मजल्यावर सहावीचा वर्ग पाहिला तेव्हा पटावर १९ नावे होती आणि मागच्या भिंतीला रिकामी बाके एकावर एक रचून ठेवलेली होती. मुख्याध्यापिका बाईंनी आमच्यापासून काहीही लपवले नाही. त्यांनी जनरल रजिस्टर काढून मागच्या काही वर्षांतील नोंदी दाखवल्या. शाळा सोडल्याच्या रकान्यात चौथीच्या आणि पाचवीच्या शेवटी नावांमागून नावे होती आणि कारणाच्या जागी जवळपास सगळीकडे "पालकांच्या विनंतीवरून" असे लिहिलेले होते.

त्यांनी जे समजावून सांगितले ते मला तोपर्यंत माहीत नव्हते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक असे टप्पे धरले आहेत. महाराष्ट्रात त्याआधीची रचना वेगळी होती: चौथीपर्यंत प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक आणि आठवीपासून माध्यमिक. त्यामुळे महापालिकेच्या बऱ्याच शाळा आजही सातवीला संपतात, आणि दुसरीकडे जुन्या अनुदानित संस्थांची हायस्कुले पाचवीपासून सुरू होऊन थेट दहावीपर्यंत जातात. ज्या पालकाचे मूल महापालिकेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकते, त्याला आठवीला नव्याने शाळा शोधावी लागते, आणि तोपर्यंत हायस्कुलांतील आठवीच्या जागा त्यांच्याच सातवीच्या मुलांनी भरलेल्या असतात. साहजिकच पालक आधीच, पाचवीलाच, उडी मारतात. त्यांचे म्हणणे शाळा वाईट आहे असे नसते. दहावीपर्यंतची जागा आताच पक्की करावी एवढेच असते. शिवाय अनुदानित शाळांनाही आपल्या शिक्षकांच्या नोकऱ्या टिकवण्यासाठी पट हवा असतो, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांचे शिक्षक महापालिकेच्या शाळांतील मुलांच्या घरी जाऊन पाचवीच्या प्रवेशाचे अर्ज भरून घेतात. बाई हे सांगताना त्या शिक्षकांना दोष देत नव्हत्या. "त्यांचंही पोट त्यावरच आहे," असे त्या म्हणाल्या.

दुसरा मुद्दा शिक्षकांचा होता आणि तो अधिक गुंतागुंतीचा आहे. कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीसाठी दर ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा या तीन गटांसाठी किमान एकेक शिक्षक हवा. प्रत्यक्षात पदे ठरतात ती संचमान्यतेने, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याच्या शासकीय मंजुरीने, आणि संचमान्यता ठरते ती ३० सप्टेंबरच्या पटावर, त्यातही ज्यांचे आधार जुळलेले आहे अशाच मुलांच्या संख्येवर. पट घटला की पद जाते. पद गेले की एकच शिक्षक दोन वर्ग सांभाळतो. हे पाहून आणखी चार पालक मूल काढून घेतात आणि पुढच्या ३० सप्टेंबरला पट आणखी खाली जातो. आम्ही गेलो त्या दिवशी विज्ञान-गणिताच्या पदवीधर शिक्षकाची जागा रिकामी होती आणि भाषेच्या शिक्षिका गणितही शिकवत होत्या. पालक "तिथे शिक्षकच नाहीत" असे म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात, पण ती जागा रिकामी होण्यात पट घटण्याचाही मोठा वाटा असतो, हे मला त्या कार्यालयातल्या लाकडी बाकावर बसून पहिल्यांदा नीट कळले.

एवढे ऐकूनही आम्ही नाही म्हणून उठलो नाही, याचे श्रेय सहावीच्या वर्गात घालवलेल्या अर्ध्या तासाला जाते. बाईंनी आम्हाला मागच्या बाकावर बसू दिले. सामाजिक शास्त्राचे सर हडप्पा संस्कृतीचा पाठ घेत होते. त्यांनी मुलांना आपल्या वस्तीतील सांडपाण्याची गटारे कुठून कुठे जातात ते आदल्या दिवशी पाहून यायला सांगितले होते आणि फळ्यावर मुलांनी सांगितलेला तो नकाशा काढून त्याशेजारी ते तिथल्या नगररचनेची आकृती काढत होते. एका मुलाने उभे राहून उतार कोणत्या बाजूला हवा यावर सरांशी वाद घातला आणि सरांनी त्याचे म्हणणे मान्य करून आकृती पुसून पुन्हा काढली. आमच्या मुलीने पाच वर्षांत शिक्षकाशी असा वाद घातल्याचे मला आठवत नव्हते.

निघण्यापूर्वी मी मुलींचे स्वच्छतागृह पाहिले. प्रत्येक पालकाने, विशेषतः मुलीच्या पालकाने, हे पाहावेच. सहावी-सातवी हे पाळी सुरू होण्याचे वय आहे आणि या एका कारणासाठी मुलीला शाळेतून काढणाऱ्या आया मला नंतर भेटल्या. इथे पाणी होते, दारे होती, परंतु एका दाराची आतली कडी निघालेली होती आणि झाकणाची कचरापेटी नव्हती. मी तसे सांगितले. बाईंनी वहीत नोंद केली. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा कडी बसलेली होती. कचरापेटी येण्यासाठी मात्र ऑगस्ट उजाडला.

मार्चमध्ये आमचा निर्णय झाला आणि कागदपत्रांचे काम सुरू केले. पहिली अडचण आधारची. मुलीच्या आधार कार्डावर वडिलांच्या नावाचे स्पेलिंग एक होते, जुन्या शाळेच्या नोंदीत दुसरे आणि जन्मदाखल्यावर तिसरे. आम्ही जन्मदाखला प्रमाण मानून बाकी दोन्ही ठिकाणी दुरुस्ती करून घेतली. आधार केंद्रावर नावातील बदलाचे ५० रुपये शुल्क होते. शाळेतील दुरुस्ती दाखला घेण्याआधीच करून घ्यावी, हे मी आवर्जून सांगते, कारण एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की त्या नोंदीत बदल करणे फार कठीण होऊन बसते आणि प्रकरण शिक्षणाधिकारी कार्यालयापर्यंत जाते. दाखल्याचा मसुदा आधी दाखवा अशी लेखी विनंती करता येते; आम्ही केली आणि जन्मतारखेच्या अक्षरी नोंदीतील एक चूक त्यामुळे वेळेत सापडली.

निकाल १ मे रोजी लागला. दाखल्यासाठी अर्ज दिला तेव्हा जुन्या शाळेने पुढील वर्षाच्या पहिल्या सत्राची फी भरल्याशिवाय दाखला मिळणार नाही असे तोंडी सांगितले. त्या काळात मी रात्री नीट झोपले नाही, कारण हातची शाळा सुटली आणि नवी मिळाली नाही तर काय, असे सारखे मनात येई. शेवटी शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ वाचून काढले. त्यात मुख्याध्यापकाने बदलीचा दाखला तात्काळ द्यावा असे म्हटले आहे, आणि दाखला यायला उशीर झाला या कारणावरून नव्या सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. या कलमाचा उल्लेख करून, चालू वर्षाची सर्व फी भरल्याच्या पावत्या जोडून, दोन प्रतींत अर्ज दिला आणि एका प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला. त्यानंतर फीचा विषय पुन्हा निघाला नाही. मात्र आमच्या शहरात २० मे रोजी लोकसभेचे मतदान होते, महापालिकेच्या शाळेत मतदान केंद्र होते आणि तिथल्या शिक्षकांना निवडणुकीचे काम होते. त्यामुळे दोन्हीकडची कामे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबली. ज्यांना मे महिन्यात अशी धावपळ करावी लागेल त्यांनी कार्यालय कोणत्या दिवशी उघडे आहे हे फोनवर विचारूनच निघावे.

१५ जून २०२४ रोजी, शनिवारी, शाळा सुरू झाली आणि त्याच सकाळी प्रवेश झाला. एक पानी अर्ज, दाखला, जन्मदाखल्याची व आधारची प्रत, पाचवीचे प्रगतिपुस्तक, दोन फोटो आणि बँकेच्या पासबुकाची प्रत एवढेच लागले. प्रवेश परीक्षा नाही, मुलाखत नाही, शुल्क नाही. कायद्याने ते घेताही येत नाही. बालभारतीची पुस्तके त्याच दिवशी मिळाली. त्या वर्षी पुस्तकांचे चार भाग केलेले होते आणि प्रत्येक पाठाला नोंदींसाठी कोरी पाने जोडलेली होती, त्यामुळे दप्तराचे ओझे किती कमी आहे हे पाहून मुलीला आश्चर्यच वाटले. गणवेश मात्र पहिल्या सत्राच्या मध्यापर्यंत आला नाही. बाईंनी साधे कपडे चालतील असे सांगितले होते, तरी वर्गात वेगळे दिसू नये असे मुलीला वाटत होते, म्हणून आम्ही ६५० रुपयांत एक गणवेश शिवून घेतला.

प्रवेश झाला म्हणजे काम संपले असे समजू नये. मुलीची ऑनलाइन नोंद जुन्या शाळेतून नव्या शाळेत येणे हे वेगळे काम आहे. नवी शाळा सरल या राज्य शासनाच्या विद्यार्थी-नोंदणी पोर्टलवरून विनंती पाठवते आणि जुन्या शाळेने ती मान्य करावी लागते. यू-डायस प्लस या केंद्र शासनाच्या पोर्टलवरही नोंद हलवावी लागते, त्यासाठी मुलाचा कायम शिक्षण क्रमांक दाखल्यावर लिहून घेतलेला असला की बराच वेळ वाचतो. आमची विनंती जुलैअखेरपर्यंत तशीच पडून होती. मी जुन्या शाळेच्या लिपिकांना भेटून विनंती केली तेव्हा ते काम अगदी थोड्या वेळात झाले. ३० सप्टेंबरच्या आत हे झाले नाही तर मूल वर्गात बसलेले असूनही नव्या शाळेच्या पटावर धरले जात नाही, आणि त्याचा फटका शिक्षकाच्या पदाला बसतो. पालकाला यात थेट तोटा दिसत नाही म्हणून तो पाठपुरावा करत नाही, पण करावा.

पहिले दोन महिने अवघड गेले, हेही लिहिले पाहिजे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असल्याने तिथे अडचण आली नाही, परंतु भूगोलातील अक्षवृत्ते, रेखावृत्ते आणि इतिहासातील महाजनपदे तिला परकी वाटत. आम्ही रोज रात्री धडा मोठ्याने वाचायचो आणि अवघड शब्द तिच्याच वहीत इंग्रजी प्रतिशब्दासह लिहायचो. दिवाळीनंतर त्या वहीची गरज उरली नाही. दुपारच्या आहारासाठी सहावी ते आठवीच्या मुलांना रोज १५० ग्रॅम धान्याचे प्रमाण ठरलेले आहे. सुरुवातीला ती घरचा डबा घेऊन बाजूला बसत असे आणि पुढे मैत्रिणींबरोबर रांगेत उभी राहू लागली. शासनाच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरील भरतीतून विज्ञान-गणिताच्या नव्या शिक्षिका पावसाळ्यात रुजू झाल्या, आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या निवडणुकीसाठी त्या व सामाजिक शास्त्राचे सर दोघेही एकाच वेळी कामावर गेले. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षकांना देण्याची कायद्यातच मुभा आहे. ज्या शाळेत उच्च प्राथमिकला तीनच शिक्षक आहेत तिथे दोघे गेले की वर्ग अक्षरशः थांबतात. त्या आठवड्यांत मी मुलीला घरीच शिकवले, आणि ज्या मुलांच्या घरी शिकवणारे कोणी नाही त्यांचे काय होत असेल हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

ऑगस्टमध्ये पालकसभेतून शाळा व्यवस्थापन समिती निवडली गेली आणि त्यात माझे नाव आले. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्या लागतात. समितीमुळेच एप्रिल २०२५ मध्ये आणि पुन्हा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पटनोंदणीसाठी शिक्षकांबरोबर घरोघर फिरायची संधी मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कार्यालयात बसून जे ऐकले होते ते आता दारात उभे राहून ऐकले.

बहुतेक घरांत लोकांनी बसायला सांगितले, पाणी दिले आणि शाळेविषयी आदरानेच बोलले. एका रिक्षाचालक काकांची तिन्ही मुले आमच्याच शाळेत चौथीपर्यंत शिकली होती आणि तिघांनाही त्यांनी पाचवीला हायस्कुलात घातले होते. "बाई चांगल्या आहेत हो, पण सातवीनंतर मी कुठे धावू? एक दिवस धंदा बुडाला की किती जातात तुम्हाला माहीत आहे," असे ते म्हणाले, आणि मला त्यांना देण्यासारखे उत्तर नव्हते. एका ताईंनी आतल्या खोलीत बोलावून हळू आवाजात विचारले की स्वच्छतागृहाच्या दाराला कडी आहे का. मी हो म्हणाले तेव्हा त्यांनी पुन्हा विचारले, "तुम्ही स्वतः पाहिली?" वरच्या वर्गांतील मुलांच्या वागण्याची भीतीही बऱ्याच जणांनी बोलून दाखवली. पहिलीतली सात वर्षांची मुले सगळ्यांना गोड वाटतात. तीच मुले बारा-तेरा वर्षांची झाली, आवाज फुटले, उंच झाली की त्याच वस्तीतल्या लोकांना त्यांची धास्ती वाटू लागते, आणि ही धास्ती प्रामुख्याने गरिबांच्या मुलांबाबत वाटते. मी वर्षभर त्या मुलांना माझ्या घरी गृहपाठाला बसलेली पाहिले आहे. त्यांच्यात आणि जुन्या शाळेतल्या मुलांत मला वागण्याचा फरक आढळला नाही. कोणाला घरी मदत मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा फरक मात्र मोठा आहे.

परत आल्यावर आम्ही समितीत ठरवले की आठवीच्या प्रश्नाला लेखी उत्तर तयार करायचे. आठवीचा वर्ग आमच्याच शाळेला जोडावा असा अर्ज महापालिकेच्या शिक्षण विभागाला दिला आहे. त्यात अडचण अंतराच्या निकषाची आहे: आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत सोय असली की नवा वर्ग जोडण्याची निकड मानली जात नाही, आणि शहरात तीन किलोमीटरच्या आत एखादे हायस्कूल असतेच, मग त्यात जागा असो वा नसो. अर्जासोबत आम्ही जवळच्या हायस्कुलांनी आठवीला बाहेरून किती मुले घेतली याची, त्यांच्याकडूनच मिळवलेली आकडेवारी जोडली. निर्णय अजून झालेला नाही. दरम्यान बाईंनी मागील तीन वर्षांत सातवी झालेली मुले कोणत्या शाळेत गेली याची यादी, नावे न देता, फलकावर लावली. जून २०२५ मध्ये पाचवीतून सहावीत जाताना शाळा सोडणाऱ्या मुलांची संख्या आदल्या वर्षापेक्षा कमी झाली. ती या यादीमुळे झाली की नव्या विज्ञान शिक्षिकांमुळे, हे मला ठरवता येत नाही.

आमच्या मुलीला पुढच्या जूनमध्ये आठवीसाठी शाळा लागेल. अर्ज मंजूर झाला नाही तर महापालिकेची माध्यमिक शाळा किंवा अनुदानित हायस्कूल यांपैकी एक निवडू, कारण आठवीत घेतली जाणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठीच असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांपर्यंत असेल तर निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आमचे उत्पन्न त्या मर्यादेत बसते. त्यासाठी सातवीत किमान ५५ टक्के गुण लागतात आणि उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून काढावा लागतो. प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांग वाढते, म्हणून तो दिवाळीनंतर लगेच काढायचा असे आम्ही ठरवले आहे. ज्यांची मुले या वर्षी सहावी-सातवीत आहेत त्यांनीही तसेच करावे.